डोळे मिटून तुमची वेबसाइट वापरून बघा

तुम्ही बनवलेली वेबसाइट दृष्टिहीन मित्राला वापरता येईल का? तपासायला मोबाईल पुरे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक चालू करा. आता उजवीकडे स्वाइप केलं की फोन पुढची गोष्ट वाचून दाखवतो, ती उघडायला डबल टॅप. (बंद करतानाही आधी टॅप, मग डबल टॅप. पहिल्यांदा सगळ्यांचीच धांदल उडते.)

डोळे मिटून एखादा फॉर्म भरा. नुसता आयकॉन असलेल्या बटणावर फोन फक्त "बटण" म्हणतो. ते अर्ज पाठवतं की पुसून टाकतं, कळणार कसं? म्हणून बटणांना लेबल द्या, माहितीच्या फोटोंना ऑल्ट टेक्स्ट द्या. मथळे नुसते बोल्ड नकोत, हेडिंग टॅग लावा. टॉकबॅकवाले हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत पान चाळतात.

मराठी साइटवर एक घोळ नेहमीचा. सूचना, वेळापत्रक, फी, सगळं जेपीजीमध्ये! स्क्रीन रीडरसाठी ते बऱ्याचदा नुसतं चित्र. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर तर त्याहून वाईट: दिसतो मराठी, ऐकू येते इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्येच टाईप करा आणि एचटीएमएलमध्ये पानाची भाषा 'एमआर' म्हणून नोंदवा. नाहीतर देवनागरी बघून कधी कधी हिंदी आवाजच मराठी वाचायला लागतो.

आणि रंग. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं उन्हात तुम्हालाही दिसत नाहीत. डब्ल्यूसीएजी मानकाच्या डबल-ए पातळीनुसार साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, तो मोजणारी फुकट टूल्स ऑनलाइन भरपूर आहेत.