पहिला कॅमेरा घेताना (भाग 3) : पैसे बॉडीवर की लेन्सवर?

मेगापिक्सेलचा हिशेब मागच्या भागात झाला. 24 मेगापिक्सेल म्हणजे 6000 गुणिले 4000 ठिपके, आणि अल्बमच्या 12 बाय 18 इंची पानाला ते पुरून उरतात. आज लेन्सकडे वळू. कुरुंद्याहून कॅमेरा घ्यायला नांदेड गाठणाऱ्या पोरांचे पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच.

आधी काम कोणतं ते ठरवा. जुलै 2022 मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरात शिरलं. अशा वेळी पंचनाम्यासाठी भिजलेल्या धान्याचा, खचलेल्या भिंतीचा फोटो लागतो आणि त्याला फोन पुरतो. भर उन्हात उभ्या पिकाचा फोटोही फोन चांगला काढतो. त्यासाठी कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका.

कॅमेऱ्याची खरी गरज पडते ती उजेड कमी असतो तेव्हा. मांडवातला हळदीचा कार्यक्रम, रात्रीची वरात, सभामंडपात ट्यूबलाइटखाली चाललेलं कीर्तन, टोकाई गडावर उजाडायच्या आत आलेली माणसं. आपल्याकडचे जपून ठेवावेत असे बहुतेक क्षण अशाच उजेडात घडतात. आणि नेमकी तिथेच कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 ची किट लेन्स हात टेकते.

याचं कारण लेन्सच्या कडेवर छापलेलं असतं : 3.5-5.6. हा एफ नंबर. तो जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं. झूम पूर्ण ओढला की किट लेन्स 5.6 च्या पुढे उघडत नाही. 50 मिलिमीटरची 1.8 वाली बिनझूमची लेन्स त्याच्या साधारण नऊ ते दहा पट उजेड आत घेते. म्हणजे मांडवात किट लेन्सला 1/15 सेकंद लागत असेल, तर हिला 1/125 पुरतो. 1/15 मध्ये नवरीला हळद लावणारा काकूंचा हात फोटोत पुसट पट्टा होऊन येतो. 1/125 ला हात जवळजवळ थांबलेला दिसतो, बांगड्या वेगळ्या कळतात. दुकानदार ‘स्टॅबिलायझेशन आहे ना’ म्हणेल. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्या माणसाची हालचाल थांबवू शकत नाही.

अशी एखादी लेन्स साध्या बॉडीच्याही निम्म्याहून कमी किमतीत मिळते. म्हणून माझं स्पष्ट मत : एक पायरी खालची बॉडी घ्या आणि वाचलेल्या पैशांत ही लेन्स घ्या. एक गोष्ट मात्र तपासा. स्वस्त आणि मध्यम कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा असतो. त्यावर 50 ची लेन्स बरीच जवळचं दाखवते. दहा बाय दहाच्या खोलीत मागे सरायला जागा उरत नाही आणि पाचजणांचं कुटुंब चौकटीत मावत नाही. घरातले कार्यक्रम जास्त काढणार असाल तर 35 किंवा त्याहून कमी आकड्याची बघा.

60 पट झूमवाल्या एकसंध कॅमेऱ्याचा मोह अनेकांना होतो. त्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर 6.2 बाय 4.6 मिलिमीटर, म्हणजे वरच्याच्या तेराव्या हिश्श्याचा. दिवसा पक्षी छान येतील. रात्रीच्या मांडवात चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखी दिसेल.

आता आपल्या हळदीबद्दल. वसमत भागात कुकरमधून शिजलेली हळद अंगणात पसरतात तेव्हा पांढरी वाफ आणि पिवळाधमक रंग एका चौकटीत येतात. कॅमेरा वाफ बघून कधी फोटो काळपट करतो; उलट नुसत्या हळदीवर नेम धरला तर लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग सेन्सरवर काठोकाठ भरतात आणि कांड्यांवरच्या वळ्या नाहीशा होऊन पिवळा डाग उरतो. अशा वेळी उजेड अर्ध्या स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) वर-खाली करता आला पाहिजे. त्यासाठी स्वतंत्र चक्र किंवा बटण असलेला कॅमेरा घ्या; मेनूत शोधत बसलात तर वाफ निघून जाते.

लेन्स जिथे बसते तो माउंटही विचारून घ्या. कॅननचा ईएफ 1987 चा, निकॉनचा एफ 1959 चा. दोन्ही कंपन्यांनी 2018 मध्ये मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी अनुक्रमे आरएफ आणि झेड हे नवे माउंट आणले. जुनी लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून नव्या बॉडीवर चालते, नवी लेन्स जुन्या बॉडीवर बसत नाही. बॉडी काही वर्षांत बदलाल, लेन्सा सोबत राहतील.

दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला गेले ते काय करायचं ते पक्कं ठरवून. तिथे जाणकारांना विचारलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि परतल्यावर आधी वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित केलं. सिनेमा त्यानंतर.

तुम्हीही आधी आपल्या कामाची चाचणी घ्या. दुकानात शिरल्यावर उजळ काउंटरचा फोटो काढू नका. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 3200 वर ठेवा, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सोबत आलेल्या मित्राला हात हलवायला सांगा आणि फोटो पडद्यावर मोठा करून त्याचे डोळे व बोटं बघा. दोन लेन्सांवर हेच करा. दुकानदार हे करू देत नसेल, तर तिथून कॅमेरा घेऊ नका. आणि पक्कं जीएसटी बिल मागा. बॉडीवरचा सिरियल नंबर बिलावर असेल तरच पुढे वॉरंटी मागता येते.

पुढच्या भागात जुना कॅमेरा घेताना शटर काउंट कसा तपासायचा ते पाहू. तोवर पैसे भरू नका.