समुद्रसिंहांची बेटे

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे १,००० किलोमीटर अंतरावर, प्रशांत महासागरात, गालापागोस हा द्वीपसमूह आहे. ज्वालामुखींपासून बनलेल्या या बेटांच्या वाळूवर व काळ्या खडकांवर समुद्रसिंहांचे कळप पहुडलेले दिसतात.

समुद्रसिंह हा मासा नव्हे. तो सस्तन प्राणी होय. त्याचे चारही पाय वल्ह्यांसारखे पसरट असतात. मागील पाय पुढे वळवून तो जमिनीवर चालू शकतो. त्याचे अन्न समुद्रात असते; परंतु विश्रांतीसाठी व पिल्ले वाढविण्यासाठी त्यास किनाराच लागतो. प्रजननाच्या काळात बलिष्ठ नर किनाऱ्याचा एकेक भाग ताब्यात घेतो आणि भुंकत भुंकत तेथे पहारा देतो.

मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. ते जन्मताच माता व पिल्लू एकमेकांस साद घालू लागतात आणि परस्परांचा आवाज ओळखावयास शिकतात. सुमारे आठवडाभर माता पिल्लापाशीच राहते. पुढे मासे पकडण्यासाठी तिला समुद्रात जावे लागते. परतल्यावर किनाऱ्यावरील गलबल्यातून ती आपल्या पिल्लाचा आवाज अचूक टिपते, जवळ जाऊन त्याचा वास घेते आणि खात्री पटली म्हणजे त्यास दूध पाजते. परके पिल्लू जवळ आल्यास त्यास ती हुसकावून लावते. म्हणूनच जिची वाट पाहावयाची ती माता परतली नाही, तर पिल्लास दुसरा आधार क्वचितच मिळतो.

ही बेटे विषुववृत्तावर असली, तरी थंड सागरी प्रवाहांमुळे तेथे मासे विपुल असतात. परंतु काही वर्षांच्या अंतराने हे पाणी तापते. या घटनेस 'एल निनो' असे म्हणतात. मग मासे दुर्मीळ होतात, मातेस अधिक काळ भटकावे लागते आणि पिल्लू उपाशी राहते. १९८२-८३ सालच्या एल निनोत त्या हंगामातील बहुतेक पिल्ले दगावली. समुद्रसिंहांची ही जात आज नामशेष होण्याच्या धोक्यात आहे.

इक्वेडोर सरकारने १९५९ साली या बेटांवर राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. तेथे प्राण्यांपासून निदान दोन मीटर दूर राहावे, असा प्रवाशांना नियम आहे. वाळूवर एकटे पिल्लू दिसले, तरी त्यास कोणी उचलावयाचे नाही. ते पोरके असेलच असे नाही. त्याची माता त्या वेळी दूर समुद्रात मासे शोधीत असेल.