धायटीची फुलं बरणीत काय करतात?

दशमूलारिष्ट किंवा अशोकारिष्टाच्या बाटलीवरची घटकांची यादी शेवटपर्यंत वाचली, की 'धातकी' हे नाव हमखास भेटतं. ही आपली धायटी. जानेवारी ते एप्रिल या काळात सह्याद्रीतल्या घाटात, रस्त्यासाठी तासलेल्या दरडींवर लाल फुलांनी लगडून खाली झुकलेल्या फांद्या दिसतात, त्या हिच्याच. मेंदी, डाळिंब आणि ताम्हण यांच्या कुळातलं हे झुडूप मुरमाड, उतरत्या जमिनीतही तग धरतं.

एक फूल तोडून हातात घ्या. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, किंचित बाकदार लाल नळी दिसेल. ही नळी पाकळ्यांची नाही, निदलपुंजाची. खऱ्या पाकळ्या सहा, पण इतक्या बारीक की नळीच्या तोंडाशी नीट शोधाव्या लागतात. आतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. पाकळ्या गळल्या तरी नळी तशीच राहते आणि फळ तिच्या आतच धरतं. म्हणून झुडूप कितीतरी दिवस लाल दिसतं. नळीच्या तळाशी मध असतो. त्यासाठी शिंजीर फांदीला लटकतात, मधमाश्या येतात आणि रानात हिंडणारी पोरंही फूल ओढून त्याचं बूड चोखतात. काही भागांत फुलांचं थंड सरबत करतात.

फुलात टॅनिन भरपूर, म्हणून चव तुरट. अतिसारात आणि आवेवर आयुर्वेद धायफुलं देतो, ते याच स्तंभक गुणामुळे. याच फुलांपासून लाल रंगही निघतो. पण मला या झुडपाचं खरं मोल वाटतं ते बरणीतल्या कामासाठी.

अरिष्ट म्हणजे आंबवलेलं औषध. ते करताना आधी औषधांचा काढा आटवतात. आसव हेही असंच आंबवलेलं औषध, पण त्यात बहुधा उकळणं नसतं. काढा गाळून त्यात गूळ, मध घालतात. प्रमाण वेगळं सांगितलेलं नसेल, तर मध गुळाच्या निम्मा आणि वरून घालायची चूर्णं गुळाच्या दहाव्या हिश्शाने, असा शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथाचा नियम आहे. धायफुलं मात्र काढा निवल्यावरच पडतात. कढत द्रवात यीस्ट मरतं आणि मग बरणीत काही घडतच नाही.

यीस्ट हवेतून येतं, भांड्यातून येतं, फुलांवरूनही येतं. त्यामुळे धायटीला नुसतं विरजण म्हणणं मला अपुरं वाटतं. गुळातली साखर आधी फोडावी लागते, तेव्हाच तिचा अल्कोहोल होतो. हे फोडण्याचं काम इन्व्हर्टेज नावाचं विकर करतं, आणि धायफुलं घातलेल्या अरिष्टात ते जास्त सक्रिय असल्याचं प्रयोगांत आढळलं आहे. टॅनिनमुळे नको त्या जिवाणूंनाही काहीसा आळा बसतो. तयार झालेला अल्कोहोल औषधातले पाण्यात न विरघळणारे अंशही ओढून घेतो, आणि औषध टिकवतोही. काढा दोन दिवसांत नासतो, अरिष्ट मात्र वर्षानुवर्षं राहतं, ते यामुळे.

तोंड बांधलेलं भांडं साधारण महिनाभर उबदार, अंधाऱ्या जागी ठेवतात. मध्यंतरी त्याला कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते. तोंडाशी पेटती काडी धरली तर कार्बन डायऑक्साइडमुळे विझते. पुढे चुरचुर थांबते, काडी जळत राहते, तरंगणारी फुलं तळाशी बसतात. संधान, म्हणजे हे आंबणं, पुरं झालं, की गाळून भरायचं.

तयार अरिष्टात साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असतो, शिवाय उरलेली साखर. मधुमेह असेल, पोटात बाळ असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर बाटली घेण्यापूर्वी वैद्यांना हे आवर्जून सांगा. रानातून फुलं आणणार असाल, तर फांदी मोडू नका आणि सगळी फुलं ओरबाडू नका. बी त्या लाल नळीतच तयार होत असतं.