बायबल, बादली आणि बोट

ख्रिस्ती गॅप इयर म्हणजे शाळा संपल्यावर आणि कॉलेज किंवा नोकरी सुरू होण्याआधी श्रद्धेच्या अभ्यासासाठी, सेवेसाठी किंवा दोन्हींसाठी काढलेला साधारण सहा महिने ते दोन वर्षांचा काळ. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या मंडळ्यांत ही वाट चांगलीच मळलेली आहे. जाणारे बहुतेक अठरा ते पंचवीस वयाचे असतात. महाराष्ट्रात शिक्षणात एका वर्षाचा खंड पडला की प्रवेशाच्या वेळी ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणून प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते, आणि मधल्या वर्षात काय केले हा प्रश्न चौकशीच्या सुरात येतो. तिकडे तोच प्रश्न कौतुकाने विचारला जातो.

या प्रथेचा एक उगम जर्मनीत सापडतो, आणि तो अगदी व्यावहारिक गरजेतून आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली प्रोटेस्टंट रुग्णालये आणि वृद्धाश्रम चालवणाऱ्या सेविका-भगिनी कमी पडू लागल्या होत्या. १९५४ मध्ये बव्हेरियातील नॉयेनडेटेल्साऊ या गावच्या सेवासंस्थेचे प्रमुख हेर्मान डीट्सफेलबिंगर यांनी तरुण मुलींना आयुष्यातले एक वर्ष सेवेसाठी देण्याचे आवाहन केले. मुली आल्या. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, पश्चिम जर्मनीने स्वयंसेवी सामाजिक वर्षाचा कायदाच केला. आज हे वर्ष चर्चबाहेरच्या संस्थांतही करता येते आणि देव न मानणारी मुलेही ते करतात. कॅथलिकांकडे याच सुमारास, १९५६ मध्ये, अलास्कातल्या कॉपर व्हॅली येथील निवासी शाळेत तरुण स्वयंसेवक कामाला लागले. त्यातून जेझुइट व्हॉलंटिअर कोअर ही संस्था वाढली. तिची चार सूत्रे आहेत: साधी राहणी, एकत्र राहणे, अध्यात्म आणि सामाजिक न्याय.

अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या मंडळ्यांची कथा वेगळी. लॉरेन कनिंगहॅम १९५६ मध्ये एका गायनचमूबरोबर बहामा बेटांवर गेले होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिथे त्यांना दर्शन झाले: समुद्राच्या लाटा जमिनीवर चढताहेत आणि त्या लाटा म्हणजे जगभर पसरणारे तरुण आहेत. १९६० मध्ये त्यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केली. तिचे लोक तिला ‘वायवॅम’ म्हणतात. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा दुसरा कॉलेजकुमार दोन मित्रांना घेऊन सुवार्तेची पत्रके वाटायला मेक्सिकोला गेला, आणि त्या सुट्टीतल्या फेरीतून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था उभी राहिली. पाळकाचे शिक्षण न घेतलेली, थोडक्या काळासाठी आलेली पोरे धर्मकार्याला जुंपायची, ही कल्पना तेव्हाच्या जुन्या मिशनांना पचनी पडायला वेळ लागला. दोघेही संस्थापक २०२३ मध्ये वारले.

कल्पना मात्र त्याहून जुनी आहे, आणि तिची एक खूण पुण्याजवळच्या केडगावात आहे. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनातल्या मुलींना विचारले, की नेहमीचा अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस मुली पुढे आल्या. गॅप इयर हा शब्द तेव्हा कोणाच्या कानावरही नव्हता.

आजच्या कार्यक्रमांत वायवॅमचा शिष्यत्व प्रशिक्षण वर्ग, म्हणजे ‘डीटीएस’, सर्वांत ओळखीचा म्हणावा लागेल. तो पाच-सहा महिन्यांचा असतो. पहिले तीन महिने एका केंद्रात राहून शिकायचे आणि पुढचे दोन-तीन महिने एखाद्या दूरच्या भागात टोळीने जाऊन काम करायचे. वर्गात दर आठवड्याला विषय बदलतो आणि बहुधा शिक्षकही: देवाचे पितृत्व, देवाची वाणी ऐकणे, क्षमा, हक्क सोडणे. सकाळी बायबल घेऊन एकांतात मनन, मग गिटारवर सामूहिक उपासना, मध्यस्थीची प्रार्थना, व्याख्यान. जेवण झाले की कामाची वाटणी. कोणाकडे भांडी, कोणाकडे स्वच्छतागृहे, कोणाकडे बाग. ज्याला घरी स्वतःचे ताट उचलायची सवय नव्हती, त्याच्या वाट्याला पन्नास जणांचा रस्सा खरवडून काढायची पातेली येतात. घरी पाठवलेल्या पत्रांत आणि परतल्यावर मंडळीत दिलेल्या साक्षीत दर्शने आणि प्रार्थनेची उत्तरे जास्त असतात, पातेली कमी. पण वर्ष निभावते ते बरेचसे पातेल्यांपाशी.

दुसरी कसोटी माणसांची. एका खोलीत चार-सहा जण, दुमजली खाटा, वेगवेगळे देश. कोणी पहाटे पाचला उठून मोठ्याने प्रार्थना करणारा, तर कोणी रात्री बारापर्यंत दिवा न मालवणारा. प्रशिक्षणाच्या काळात नवे प्रेमसंबंध जुळवायचे नाहीत असा नियम बहुतेक केंद्रांत असतो. तो सर्वांना माहीत असतो आणि सर्वांत जास्त चर्चाही त्याचीच होते. छोट्या गटात मन मोकळे करण्याची पद्धत आहे. घरातली भांडणे, व्यसन, चोरून केलेल्या गोष्टी अनेक जण आयुष्यात पहिल्यांदा इथे उच्चारतात. त्याने पुष्कळांना हलके वाटते. मात्र समोर ऐकणारा गटप्रमुख स्वतः तेवीस-चोवीस वर्षांचा आणि समुपदेशनाचे शिक्षण नसलेला असू शकतो. ही या कार्यक्रमांची खरी नाजूक जागा आहे. खोल नैराश्य किंवा बालपणातला अत्याचार यांना प्रार्थनेबरोबर तज्ज्ञाचीही गरज असते, आणि ते ओळखणारा मोठा माणूस केंद्रात असेलच असे नाही.

याहून लांबचा आणि अधिक अंगमेहनतीचा अनुभव म्हणजे पुस्तकांची बोट. ऑपरेशन मोबिलायझेशनने १९७० मध्ये एक जुनी डॅनिश बोट विकत घेतली आणि तिला ‘लोगोस’ नाव दिले. बंदरोबंदर फिरायचे, धक्क्याला लागायचे आणि लोकांना बोटीवर बोलावून पुस्तके विकायची, हा तिचा उद्योग. पुढे ‘डूलोस’ आली. ती १९१४ ची, म्हणजे टायटॅनिक बुडाल्यानंतर दोनच वर्षांनी पाण्यात उतरलेली. जगातली सर्वांत जुनी चालती प्रवासी बोट म्हणून ती ओळखली गेली. हल्ली ‘लोगोस होप’ फिरते. १९७३ मध्ये बांधलेली ही १३२ मीटर लांबीची बोट आधी उत्तर युरोपात मोटारी आणि प्रवासी वाहून नेत असे. २००४ मध्ये ती खरेदी झाली, पण डागडुजीत आणि पैसा उभारण्यात वर्षे गेली आणि ती २००९ मध्ये कामाला निघाली. तिच्यावर सुमारे साठ देशांचे चारशेच्या आसपास स्वयंसेवक राहतात. कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत कोणालाही पगार नाही.

बोटीवर येणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांपुढे समुद्र, बंदरे आणि सुवार्ता असते. हातात पहिल्यांदा येते ते जीवरक्षक जाकीट. आग विझवणे, तराफ्यात चढणे, धोक्याची घंटा ओळखणे हे आधी. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की हातातले काम टाकून नेमलेल्या जागी हजर व्हायचे. हा सराव नुसता कागदी नाही. जानेवारी १९८८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी बीगल खाडीत पहिली ‘लोगोस’ रात्रीच्या वेळी खडकावर चढली. बोट गेली, पण तिच्यावरचे सगळेच्या सगळे, सुमारे एकशे चाळीस माणसे, सुखरूप उतरली. तीन वर्षांनी फिलिपिन्समधल्या झांबोआंगा बंदरात कार्यक्रम चालू असताना ‘डूलोस’च्या लोकांवर हातबॉम्ब फेकला गेला आणि दोन तरुण स्वयंसेविका मरण पावल्या. गॅप इयरच्या रंगीत माहितीपत्रकांत अशा घटनांना जागा नसते. संस्थेच्या आठवणींत मात्र त्या आहेत.

मग खात्याची नेमणूक होते. पुस्तकविक्री, स्वयंपाकघर, साफसफाई, डेक किंवा इंजिनघर. आवड विचारात घेतली तरी निवड संस्थेची. पुस्तकांच्या डेकवर सुमारे पाच हजार प्रकारची पुस्तके असतात: मुलांची, पाककृतींची, शाळेची, छंदांची आणि ख्रिस्ती. ज्या बंदरात धड पुस्तकाचे दुकान नाही तिथे धक्क्यावर रांगा लागतात. गल्ल्यावर बसलेल्या मुलीला दिवसभर अनोळखी चलनात सुटे पैसे मोजावे लागतात आणि ‘तुम्ही सगळे इथेच झोपता का?’ या प्रश्नाला पन्नास वेळा हसून उत्तर द्यावे लागते. खाली इंजिनघरात तेलाचा वास, उष्मा आणि कानावर आवाजरोधक. बोट निघाली की पहिले दोन दिवस अर्ध्या नवख्यांना उलट्या. एका बंदरात मुक्काम साधारण दोन आठवडे. गावातल्या कोणाशी ओळख जमते न जमते तोच दोर सोडायची वेळ होते. सुट्टीच्या व कामाव्यतिरिक्तच्या दिवसांत चमू शाळा, तुरुंग, अनाथाश्रम, स्थानिक मंडळ्या इथे जातात. म्हणजे ज्याला ‘मिशन’ म्हणायचे ते आठवड्यातून एखादा दिवस, आणि उरलेले दिवस मजुरी. बोटीवरच्या जुन्या माणसांना यात विसंगती वाटत नाही. झाडू मारणे हीही उपासनाच, असे ते नव्या पोरांना सांगतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, नवलाई ओसरल्यावर, हे वाक्य पटते की नाही यावर पुढचे वर्ष ठरते.

पैशाची बाजू बाहेरच्याला चकित करते. जर्मनीचे सामाजिक वर्ष सोडले, जिथे हातखर्च आणि विमा मिळतो, तर बहुतेक ख्रिस्ती कार्यक्रमांत सेवा करणाराच पैसे भरतो. ते उभे करायला तो आपल्या मंडळीकडे जातो: पाळकाची परवानगी, रविवारी व्यासपीठावर दोन मिनिटे, नातेवाइकांना पत्रे, केकविक्री, मोटारी धुणे. कोणी दरमहा थोडी रक्कम कबूल करतो, कोणी विमानाचे तिकीट. याला विश्वासाने जगणे म्हणतात. अठरा वर्षांच्या मुलाला मागायला शिकवणारी ही पद्धत नम्रही करते आणि अडकवतेही. ज्यांनी पैसे दिले त्यांना दर महिन्याला पत्र जाते, आणि ‘मला इथे कंटाळा आलाय, माझी श्रद्धा डळमळली आहे’ असे त्या पत्रात लिहायला फार थोडे धजावतात.

टीका ख्रिस्ती वर्तुळातूनच जास्त झाली आहे. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये घरे बांधायला उत्तर अमेरिकेतून ख्रिस्ती चमू गेले. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी त्यांचा अभ्यास केला. परदेशी चमूच्या प्रवासासकट एका घरामागे सुमारे तीस हजार डॉलर पडले. स्थानिक लोक तेच घर दोन हजारांत बांधत होते. शिवाय परतलेल्या तरुणांच्या दानात किंवा प्रार्थनेच्या सवयीत टिकाऊ फरक फारसा दिसला नाही. अनाथाश्रमांच्या भेटींवरचा आक्षेप याहून गंभीर आहे. तीन आठवडे लळा लावून निघून जाणारी पाहुणी माणसे आधीच सोडून दिलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा सोडून जातात. म्हणून जबाबदार संस्थांनी अशा भेटी कमी केल्या आहेत किंवा थांबवल्या आहेत. या वर्षाचा पहिला लाभार्थी जाणारा तरुण असतो, हे जी संस्था सरळ मान्य करते तिचे काम सहसा अधिक नीट चालते.

धर्मप्रसाराचा प्रश्न देशागणिक बदलतो. भारतात मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला धर्मप्रचार करता येत नाही. हा नियम धाब्यावर बसवणारा चमू चार दिवसांनी मायदेशी परततो. पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायला मागे उरते ती स्थानिक मंडळी.

परत येणे हा या वर्षाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. घर तेच असते, खोली तीच असते, पण मित्र कॉलेजच्या दुसऱ्या सत्रात पोचलेले असतात आणि त्यांना बोटीच्या गोष्टी दहा मिनिटांपलीकडे ऐकवत नाहीत. चारशे माणसांत राहून आलेल्याला एकट्याची खोली खायला उठते. काहींना कायमचे पाचारण झाल्यासारखे वाटते आणि ते संस्थेत राहतात. काही नर्सिंग, शिक्षण, समाजकार्य याकडे वळतात. काहींचा त्या विशिष्ट पंथावरचा विश्वास उडतो, पण पातेली घासण्याची लाज कायमची जाते. डीटीएससारख्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक मात्र बहुतेक विद्यापीठे धरत नाहीत.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांतूनही आता कोणी मूल डीटीएसला किंवा बोटीवर जायचे म्हणते. अशा वेळी आई-वडिलांनी आणि पाळकांनी पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: खर्चाचा पूर्ण तपशील आणि मध्येच परतल्यास किती रक्कम परत मिळेल, आजारपणाचा विमा, लहान मुलांबरोबर काम करण्याचे नियम, आणि तक्रार असल्यास केंद्रप्रमुखाच्या वर कोणाकडे जायचे त्याचे नाव व फोन नंबर. आणि कॉलेजातली जागा वर्षभर राखून ठेवता येते का, हे निघण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारावे.