किल्लीला दोरा बांधा

सातारा जिल्ह्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. चाळीसेक लाखांची, मोठ्या नावाची सेडान घेतली. पडदा केवढा, दिवे किती रंगांचे, सगळं झकास. पण आई मागच्या सीटवर बसतात आणि दर गतिरोधकाला कंबर धरतात. "तुझ्या बाबांची ॲम्बॅसेडर परवडली," हे त्यांचं मत. सर्व्हिस सेंटरनं दोनदा तपासून 'दोष आढळला नाही' असं लिहून दिलं. मग बिघडलंय कुठे?

बिघडलेलं काही नाही, गाडी बनवलीच आहे अशी. तक्रारही एकट्या साताऱ्याची नाही. 2013 मध्ये मर्सिडीजनं 'सीएलए' ही सेडान अमेरिकेत 29,900 डॉलरपासून विकायला काढली. मर्सिडीजच्या चांदणीच्या मानानं किंमत स्वस्तच. तिच्या कडक चालीवरून तिथल्या परीक्षकांनीही नाकं मुरडली होती.

कारण समजून घ्यायला गाडीची किल्ली हाती घ्या. हल्ली ती साबणाच्या वडीएवढी असते, इथे ते सोयीचंच. दोऱ्याला बांधून तिला झोका द्या. दोरा 25 सेंटीमीटर असेल तर ती सेकंदाला एक येरझार पुरी करते. दोरा 6 सेंटीमीटर केला की सेकंदाला दोन. लंबकाचं हे सूत्र शाळेत आपण सगळ्यांनी घोकलं, पण ते गाडीलाही लागू पडतं हे कुणी सांगितलं नाही. गाडीच्या वजनानं स्प्रिंग जितकी दबते, तेवढ्या लांबीच्या लंबकाच्या तालावर गाडी वरखाली डोलते. वजन किती, स्प्रिंग किती कडक, हे वेगळं विचारायलाच नको, दोन्ही त्या दबण्यात आलं. मला हे उशिरा कळलं आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्या किल्ल्या टांगून झाल्या.

सेकंदाला एक डोलणं माणसाला सुखाचं वाटतं. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर तर म्हणत असे की गाडीचा ताल माणसाच्या चालीच्या तालाजवळ ठेवावा, शरीराला त्याची जन्माची सवय असते. उलट सेकंदाला चार ते आठ हादरे बसले की पोट आणि पाठ कुरकुरायला लागतात. काँक्रीटच्या रस्त्यात साडेचार मीटरवर सांधे असतील, तर ताशी शंभरच्या वेगाला सेकंदाला सहा ठोके बसतात. नेमके नको तेवढे.

मग सरळ 25 सेंटीमीटर दबणारी मऊ स्प्रिंग का लावत नाहीत? हिशेब करू. मागच्या स्प्रिंगांवर एकूण पाचशे किलो भार आहे असं धरा. मागे तिघं बसली, डिकीत बॅगा आणि तांदळाचं पोतं टाकलं, की अडीचशे किलो वाढले. म्हणजे निम्मा भार वाढला आणि गाडी आणखी साडेबारा सेंटीमीटर खाली बसली. सेडान जमिनीपासून उंच असते साधारण सोळा-सतरा सेंटीमीटर. पहिल्याच गतिरोधकावर पोट घासणार! म्हणून कंपनी सात-आठ सेंटीमीटर दबणारी कडक स्प्रिंग लावते. भरलेली गाडी घासत नाही खरी, पण आई एकट्याच मागे असल्या की त्यांना स्प्रिंगचा सगळा ताठा सोसावा लागतो.

यातून सुटायची वाट सत्तर वर्षांपूर्वीच एकानं शोधून ठेवली आहे, आणि त्याचं नाव मोटारींच्या भक्तांनाही पटकन आठवत नाही. पॉल माजेस. अभियांत्रिकीची पदवी नाही. 1925 मध्ये, सतराव्या वर्षी फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीत चिकटला आणि पुढचं सगळं स्वतःच शिकला. त्यानं पोलादी स्प्रिंगच काढून टाकली. तिच्या जागी हिरव्या नारळापेक्षा लहान धातूचा गोळा लावला. गोळ्यात नायट्रोजन, मध्ये रबरी पडदा, पलीकडे तेल. चाक उसळलं की तेल वायूला दाबतं, आणि पोलादापेक्षा वायू कितीतरी मऊ. मागे चौघं बसून गाडी खचली, तर एक झडप उघडते, पंप तेल सोडतो आणि गाडी उठून पहिल्या उंचीवर येते. उंची कायम राहणार म्हटल्यावर स्प्रिंग कडक ठेवायचं कारणच उरलं नाही!

1955 च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात सिट्रोएनची 'डीएस' आली ती हेच घेऊन. 1962 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर पॅरिसबाहेर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी चालकानं ती सुखरूप पळवली. त्या बचावाचं थोडं श्रेय माजेसच्या गोळ्यांनाही देतात. मला त्याहून गंमत वाटते ती पुढची. 1965 च्या सिल्व्हर शॅडोसाठी खुद्द रोल्स-रॉइसनं सिट्रोएनकडून या हायड्रॉलिक तंत्राचा परवाना घेतला. ऐश्वर्याची व्याख्या करणारी कंपनी, आणि गुरू कोण, तर बिनपदवीचा माजेस.

हे तंत्र महाग आणि दुरुस्तीला नाजूक, म्हणून मागे पडलं. आता माहितीपत्रकात 'ॲडॅप्टिव्ह' हा शब्द असतो आणि त्यावर जास्तीचे पैसे. ते बटण बहुधा फक्त शॉक ॲब्सॉर्बर बदलतं, स्प्रिंग आहे तीच. मुळात शॉक ॲब्सॉर्बर हे नावच फसवं. धक्का झेलते स्प्रिंग, हा बापडा तिचं डोलणं आवरतो.

आणि मागची सीटच का? रोल्स-रॉइसमधून 1930 मध्ये कॅडिलॅकमध्ये गेलेल्या मॉरिस ऑलीनं एका लिमोझिनवर पुढे-मागे वजनं सरकवून पाहिली आणि माणसांना बसवून विचारलं, कसं वाटतं? उंचवट्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं जरा नंतर. दोन्ही बाजू एकदम वरखाली झाल्या नाहीत की गाडी सी-सॉ होते. ऑलीचा तोडगा असा, की मागच्या स्प्रिंगांचा ताल पुढच्यांपेक्षा थोडा जलद ठेवा, म्हणजे उशिरा निघालेली मागची बाजू पुढचीला गाठते. तोडगा नामी आहे, पण मागच्या सीटवर मुलं बसणाऱ्या देशातला. आपल्याकडे ज्यांचा मान मोठा त्यांना मागे बसवतात, म्हणजे नेमकं मागच्या चाकांजवळ.

उरलासुरला आराम टायरनं खाल्ला. 195/65 आर 15 आणि 225/40 आर 18 हे दोन आकडे शेजारी ठेवा. बाहेरून दोन्ही चाकं जवळजवळ सारखीच उंच, साडेत्रेसष्ट सेंटीमीटर. पहिल्यात रिमच्या काठापासून रस्त्यापर्यंत रबर 12.7 सेंटीमीटर, दुसऱ्यात 9. जाहिरातीत अठरा इंची रिम दिमाखदार दिसते, पण 3.7 सेंटीमीटर उशी गेली. सोसायटीच्या दारातला हातभर रुंदीचा गतिरोधक इतका पटकन येतो की स्प्रिंगला हलायला सवड मिळत नाही, तो टायरच झेलतो. इंडियन रोड्स काँग्रेसचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच आहे, ताशी 25 साठी. तसा कुठे दिसला तर कळवा. ॲम्बॅसेडरला पंधरा इंची रिमवर गुबगुबीत टायर होते, आणि तेव्हा शंभरनं जात कोण होतं? आईंचं मत अगदीच भाबडं नाही.

तर साताऱ्याच्या वाचकांनो, चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात कमी माणसांचा आणि भरल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. गाडी थंड असताना तेवढीच हवा भरा, पंपावरचा पोरगा म्हणेल तेवढी नको. कंपनीनं मान्य केलेली लहान रिम बसत असेल तर टायर बदलताना ती घ्या. आणि आईंना पुढे बसवा. गाडी ड्रायव्हर चालवत असेल तर कऱ्हाडपासून कोल्हापूरपर्यंत मागे तुम्ही बसा.