विरल मृत्तिकांचे चुंबकीय अधिशोषण

पाण्यात अत्यल्प प्रमाणात विरघळलेली विरल मृत्तिका मूलद्रव्ये चुंबकीय कणांच्या पृष्ठभागावर धरून ती कणांसह चुंबकाने वेगळी करण्याची पद्धत. लँथॅनम ते ल्युटेशियम ही १५ आणि स्कँडियम व इट्रियम मिळून ही १७ मूलद्रव्ये होत. निओडिमियम व डिस्प्रोशियम यांचा उपयोग पवनचक्क्या व विजेच्या मोटारगाड्या यांतील शक्तिमान चुंबकांत होतो.

कणाचा गाभा सामान्यतः मॅग्नेटाइटाचा (Fe₃O₄) असतो. सुमारे २० नॅनोमीटरपेक्षा लहान कण चुंबकीय क्षेत्र काढताच आपले चुंबकत्व गमावतात. त्यामुळे त्यांच्या गुठळ्या न होता ते पाण्यात पुन्हा पसरतात. गाभ्यावर सिलिकेचा लेप देऊन त्यावर फॉस्फॉनिक किंवा कार्‌बॉक्सिलिक गट जोडतात. या गटांतील ऑक्सिजन अणू त्रिसंयुजी विरल मृत्तिका आयनांना घट्ट बांधतात. येथे चुंबक आकर्षितो तो कणाचा गाभा, आयन नव्हे. म्हणून लँथॅनमासारखे अचुंबकीय आयनही याच रीतीने मिळतात. नंतर विरल अम्लाने धुतल्यास आयन सुटतात व कण पुन्हा वापरता येतात. लेप सदोष असल्यास मात्र अम्लात गाभाच विरघळू लागतो.

मुख्य अडचण पाण्याच्या राशीची आहे. लिटरमागे १ मायक्रोग्रॅम धातू असल्यास १ किग्रॅ. धातूसाठी किमान १०० कोटी लिटर पाणी हाताळावे लागेल. शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांचे कितीतरी अधिक आयन कणांवरील जागा अडवितात. म्हणून अन्य कारणाने आधीच उपसलेले पाणी, उदा., भूऔष्णिक केंद्रांतील लवणजल किंवा खाणींचे अम्लीय सांडपाणी, यांसाठी ही पद्धत अधिक योग्य ठरते. अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत लवणजलावर असे संशोधन झाले आहे.

भारतातील विरल मृत्तिका मुख्यतः किनाऱ्यावरील मोनॅझाइट वाळूपासून मिळतात. त्यासाठी १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स लि. (आताची आयआरईएल) ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबई येथे आहे. केरळातील आलुवा येथील तिच्या कारखान्याचे काम १९५२ मध्ये सुरू झाले. या मूलद्रव्यांचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखे असल्याने ती परस्परांपासून वेगळी करण्यासाठी विद्रावक निष्कर्षणाच्या अनेक पायऱ्या लागतात. चुंबकीय अधिशोषणाने हे काम टळत नाही. त्याने विरल मृत्तिकांचा संहत मिश्र विद्राव तेवढा हाती येतो. तथापि एरवी वाया जाणारे धातू मिळून सांडपाण्यातील धातूंचे प्रमाणही घटते, हा या पद्धतीचा दुहेरी लाभ होय.