सुट्टीतली गोधडी आणि अब्बू खाँची बकरी

पाऊस परतला की आमच्या साताऱ्याकडे आधी ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं. मग दिवाळीच्या सुमारास एखाद्या पहाटे पायाशी गारवा जाणवतो, आणि सासूबाई म्हणतात, ‘‘पेटी खोला.’’ वर्षभर घडी घालून ठेवलेल्या गोधड्यांना ऊन दाखवायचे हे दिवस. बाजारात उकडायच्या ओल्या शेंगा आणि सीताफळं आलेली असतात, शाळेला सुट्टी असते. कुठे लांब जायला जमलं नाही, तरी घरातल्या घरात ही सुट्टी गोड करता येते. गेल्या वर्षी आम्ही ती कशी घालवली, ते सांगते.

त्या वर्षी पेटी उघडली, तर सर्वांत जुनी गोधडी मधोमध फाटलेली निघाली. सासूबाईंनी ती टाकू दिली नाही. ‘‘फाटली म्हणून फेकायची? तिच्यावर नवं कापड चढवायचं.’’ त्यांची दोन सुती लुगडी, माझे जुने दुपट्टे, मुलांचे आखूड झालेले कुर्ते असा ढीग जमला. चांगल्या कापडाचा इस्राफ आमच्या घरात कधीच चालत नाही.

गोधडी घालायला महागाचं काही लागत नाही. कापड सुतीच घ्यावं, कारण गुळगुळीत सिंथेटिक कापड सुईखाली सरकतं. सगळे तुकडे आधी धुऊन, कडक वाळवून घ्यावेत. शिवणी आणि बटणं उसवून टाकावीत. खाली अखंड लुगडं अंथरायचं, वर जुनी गोधडी किंवा दोन-तीन थर, आणि सर्वांत वर तुकडे. चारी कोपऱ्यांवर पाट किंवा पाण्याचे तांबे ठेवून कापड ताणून घ्यायचं आणि मोठे टाचे मारायचे. मग जाड सुती दोऱ्याने काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत जायचं. शेजारच्या कर्नाटकातले सिद्दी लोक ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. तीही काठापासूनच सुरू होते, आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची ‘फुलं’ बसवतात. आम्हीही आमच्या चार कोपऱ्यांवर तशी फुलं लावली. लहान मुलांनाही हे काम जमतं.

थोरली लेक आनंदाने शिवायला बसली. सातवीतला धाकटा मात्र मोबाइल शोधत फिरत होता. मी म्हटलं, ‘‘शिवायचं नसेल तर नको शिवू. आमचे हात अडकलेत, तू वाचून दाखव.’’

इथे एक कबुली द्यायला हवी. मी वर्गात इतरांच्या मुलांना उर्दू आणि मराठी वाचायला शिकवते. माझा मुलगा मात्र इंग्रजी माध्यमात आहे, आणि त्याचं मराठी अडखळतं, उर्दूची तर गोष्टच सोडा. मकतबात तो कुरआन वाचायला शिकला, पण तिथे प्रत्येक अक्षरावर जेर-जबर असतात. उर्दूच्या पुस्तकात ती खूण नसते. अक्षरं ओळखीची आणि शब्द मात्र अनोळखी, असं त्याचं होतं. तो अडखळला की मी लगेच सुधारायची. दोन ओळींत पुस्तक मिटायचं आणि आम्ही दोघंही चिडायचो.

पहिले दोन दिवस त्याला मराठीच दिलं. बालभारती ‘किशोर’ हे मासिक 1971पासून काढते. आमच्याकडे त्याचे जुने अंक आहेत. छोट्या गोष्टी, मोठी चित्रं. तो वाचत होता आणि माझी जीभ सुधारायला शिवशिवत होती. पण सासूबाई माझ्या शेजारी होत्या. त्या कुरआन वाचतात, पण त्यांना शाळेत कोणी घातलं नाही. मराठी-उर्दू वाचता येत नाही. त्यामुळे त्या चुका काढूच शकत नव्हत्या. त्या एवढंच विचारायच्या, ‘‘फिर क्या हुआ?’’

आणि तो पुढे वाचायचा.

इतकी वर्षं शिकवून मला जे उमगलं नव्हतं, ते त्या गोधडीवर उमगलं. मुलाला परीक्षक वर्गात भेटतोच. घरी त्याला ऐकणारं माणूस हवं असतं. मी सुई दाताखाली धरली आणि गप्प राहायला शिकले.

तिसऱ्या दिवशी मी उर्दू पुस्तक काढलं, ‘अब्बू खाँ की बकरी’. आपले राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसैन यांनी मुलांसाठी लिहिलेली ही गोष्ट. अल्मोड्याच्या अब्बू खाँची चांदनी नावाची बकरी डोंगरात निघून जाते. पहिली दोन पानं मी वाचली. बकरी डोंगरावर पोचली आणि मी उठले, ‘‘माडगं लावायचंय, उरलेलं तू वाच.’’

माडगं म्हणजे थंडीच्या तोंडावरचं आमचं आवडतं पेय. हुलगे भाजून दळून ठेवावेत. चार चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावं, तीन वाट्या उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवावं. चवीपुरता गूळ, चिमूटभर मीठ, सुंठ आणि वेलची घालावी. दूध हवं असेल तर भांडं उतरवल्यावर घालावं, नाहीतर गुळामुळे ते फाटतं. सोबत उकडलेल्या शेंगा असल्या की मुलं दुसरं काही मागत नाहीत.

स्वयंपाकघरातून मला त्याचा आवाज येत होता. एका ओळीला दोन मिनिटं लागत होती. पण लांडगा आला होता, आणि दादी ‘‘फिर?’’ म्हणत होत्या.

गोष्ट संपायला चार दिवस लागले, गोधडीला अकरा. चांदनी रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे मरते. झाडावरच्या चिमण्यांत वाद होतो, जिंकलं कोण? सगळ्या म्हणतात लांडगा, एक म्हातारी चिमणी म्हणते चांदनी. सासूबाईंचा टाका थांबला होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘चांदनी लिहिलंय कुठे, दाखव.’’

त्याने बोट ठेवलं. त्यांनी चष्मा सरकवला. ‘‘हा तर जीम. पण पोटात तीन नुक्ते? जीमला एकच असतो.’’

‘‘दादी, हा चे आहे. अरबीत नसतो, उर्दूत असतो.’’

‘‘मग मला शिकव,’’ त्या म्हणाल्या.

यंदा पुन्हा पेटी उघडली आहे. गोधडी मजबूत आहे, शिवायचं काही नाही. तरी मगरिबनंतर दोघं तिच्यावर बसतात. तो अजूनही अडखळतो. त्या ‘गाफ’पर्यंत आल्या आहेत.